पालथा हात

ब्रॅडफर्डला डिसेंबरात चार वाजताच अंधार.
तळघरातल्या दिव्याखाली मी खोका उघडते:
कबर एकशे बारा, बाई, चाळिशीच्या अलीकडची,
वोल्डच्या उतारावरल्या खडीच्या खाणीतून आलेली,
तेराशे वर्षं चुनखडीत निजलेली.
मॉरीनने हाडं धुतलीत जुन्या टूथब्रशने
आणि चिठ्ठी ठेवलीय,
उजवा हात बघ, मला काही उमगेना.

कोपराखाली दोन हाडं असतात प्रत्येकाला.
एक जागचं हलत नाही,
दुसरं त्याच्यावरून आडवं होऊन फिरतं,
म्हणून किल्ली फिरते, पोळी उलटते,
म्हणून तळवा आभाळाकडे होतो.
हिची दोन्ही कोपराशी मिळून एक झालेली,
तीन बोटं लांबीत,
एकाच बशीत विरघळलेल्या दोन मेणबत्त्यांसारखी.
मोडून सांधलेलं नाही. गाठ नाही, भेग नाही,
एक्स-रेत मधली भिंतच नाही.
आईच्या पोटातच ठरून गेला हात,
पालथा.

फॉर्मवर मी लिहिते "जन्मजात"
आणि रकाना संपतो.

शनिवारी गॅरेथकडून प्लास्टरचा साचा बांधून घेतला,
काखेपर्यंत, तळवा जमिनीकडे.
तोंड धुता येईना.
ओंजळ म्हणजे दोन हात, हे इतक्या वर्षांत
पहिल्यांदा कळलं.
चमचा ओठांपाशी येऊन आडवा व्हायचा,
कोपराला गूळ लावल्यागत.
बसच्या ड्रायव्हरने सुटे पुढे केले
आणि माझ्या नखांकडे बघत थांबला;
मग काही न विचारता
कोटाच्या खिशात टाकले.
त्या खिशाचं ओझं घरापर्यंत जाणवत राहिलं.

हिने काय केलं असेल?
दंडाच्या हाडावर, खांद्याजवळ,
स्नायूंची खूण खडबडीत, डाव्यापेक्षा दुप्पट.
मनगटाचं काम खांद्याने उचललेलं, जन्मभर.
कमरेशी चातीची शिशाची चकती,
एकाच बाजूने झिजलेली.
म्हणजे सूत कातलं. तिच्या पद्धतीने कातलं.
कुणापुढे हात पसरला नाही, असं आपण म्हणतो
तेव्हा केवढा ताठा असतो आवाजात.
हिला पसरताच येत नव्हता;
त्यात ताठा नव्हता, हाड होतं.
इथे मी स्वतःला आवरते.
हाडं स्वभाव सांगत नाहीत,
हे मीच दरवर्षी पोरांना शिकवते.

गुरुवारी मॉरीन जिन्यावरूनच हाक मारते.
कबर एकशे एकोणतीस. मूल, सहा-सात वर्षांचं.
डावा हात. पेन्सिलीएवढी हाडं,
त्याच जागी, तशीच, एकमेकांना न सोडणारी.
आम्ही दोघी बराच वेळ बोलत नाही.
तिचा चहा गार होतो.

आई, मावशी, आत्या,
यातलं काहीच मला लिहिता येत नाही.
जनुकांचा निकाल उन्हाळ्यात, तोही पैसे आले तर.
पण कुणीतरी त्या पोराला दाखवलं असणार
कोपर बाजूला काढून पेला कसा कलंडवायचा,
गाठ कशी मारायची, केस कसे बांधायचे;
धडधाकट हाताच्या माणसाला
ते शिकवता आलं नसतं.

रात्री खाणीतले फोटो उघडून बसते.
मूल उताणं, डोकं पश्चिमेला,
डावा हात पालथा. तो तसाच असणार.
मग उजव्यावर बोट ठेवते पडद्यावर.
उजवा चांगला होता, फिरत होता,
कसाही ठेवता आला असता.
कुणीतरी तोही पालथा ठेवलाय.

माती सरकते, मॉरीन म्हणते, घुशी असतात,
तेराशे वर्षांत हाडं कुठल्या कुठे जातात.
जात असतील.